प्राथमिक शाळेतील स्पॅनिशचे अध्यापन : अमेरिकेतील अनुभव

प्रस्तावना :

भाषा जितक्या लहान वयात शिकवावी तितकी ती चांगली येते, असा समज सर्वत्र रूढ आहे. या समजाच्या आधारे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गेली सहा-सात दशके प्राथमिक शाळांतून स्पॅनिश शिकविण्याचे प्रयोग होत आले आहेत. त्यांपैकी काही टिकले, तर काही अल्पावधीतच बंद पडले. त्यामागील कारणांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

१९५७ मध्ये सोव्हिएत संघाने स्पुटनिक अवकाशात सोडल्यानंतर अमेरिकेत शिक्षणाविषयी चिंता निर्माण झाली. १९५८ च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्याने विज्ञान व गणितासोबत परकीय भाषांच्या अध्यापनासही अर्थसाहाय्य दिले. लहान मुलांचा मेंदू भाषाग्रहणास अधिक अनुकूल असतो, हे पेनफील्ड व रॉबर्ट्स यांनी १९५९ मध्ये मांडलेले मतही या चळवळीस पोषक ठरले. परंतु प्रशिक्षित शिक्षकांचा अभाव व वरच्या वर्गांशी तुटलेला दुवा यांमुळे १९६० च्या दशकाच्या अखेरीस हा उत्साह ओसरला.

याच काळात एक वेगळा प्रयोग आकारास येत होता. क्यूबातील १९५९ च्या क्रांतीनंतर अनेक कुटुंबे मायामीत आश्रयास आली. तेथील कोरल वे या शाळेत १९६३ मध्ये इंग्रजी भाषक व स्पॅनिश भाषक मुलांना दोन्ही भाषांतून शिक्षण देण्यास प्रारंभ झाला. पुढे १९७१ मध्ये कॅलिफोर्नियातील कल्व्हर सिटी येथे इंग्रजी भाषक बालकांचे शिक्षण प्रारंभापासून स्पॅनिशमधून सुरू करण्यात आले. कॅनडातील सेंट लँबर्ट येथे १९६५ मध्ये झालेला फ्रेंच माध्यमाचा प्रयोग हा त्याचा आदर्श होता.

अध्यापनाची प्रारूपे :

सामान्यतः तीन प्रारूपे आढळतात. पहिल्यात भाषेचा केवळ परिचय करून दिला जातो. दुसऱ्यात आठवड्यातून काही तासिका स्पॅनिश हा विषय म्हणून शिकविला जातो. तिसऱ्यात, म्हणजे निमज्जन प्रारूपात, गणित व परिसर अभ्यासासारखे विषयच स्पॅनिशमधून शिकविले जातात. यांतील भेद प्रामुख्याने वेळेचा आहे. आठवड्यातून अर्ध्या तासाच्या दोन तासिका धरल्यास ३६ आठवड्यांत केवळ ३६ तास होतात. रोज तीन तास स्पॅनिशमधून अध्यापन झाल्यास १८० दिवसांत ५४० तास होतात. दोहोंकडून समान फलनिष्पत्तीची अपेक्षा करणे योग्य नव्हे.

वर्गातील अध्यापन :

या वयात व्याकरणाचे नियम सांगून भाषा शिकविता येत नाही. जेम्स ॲशर यांच्या कृतियुक्त प्रतिसाद पद्धतीत शिक्षक ‘लेवांताते’ म्हणजे ‘ऊठ’, ‘सिएन्ताते’ म्हणजे ‘बस’ अशा आज्ञा देतात आणि मुले कृतीने उत्तर देतात. बोलण्याची सक्ती नसते. गाणी, वार, हवामान व गोष्टी यांतून तीच वाक्ये पुनःपुन्हा कानावर पडतात.

इंग्रजी भाषक बालकास काही रचना अपरिचित वाटतात. ‘मे गुस्ता ला लेचे’ याचा अर्थ ‘मला दूध आवडते’ असा होतो. येथे मराठीप्रमाणेच आवडणारी वस्तू कर्तास्थानी असते, इंग्रजीत मात्र व्यक्ती. ‘तू’ व ‘उस्तेद’ यांतील भेद आपल्या ‘तू’ व ‘आपण’ यांसारखाच आहे. निर्जीव वस्तूंनाही व्याकरणिक लिंग असते. अशा बाबी सवयीने रुजतात आणि सवयीला वेळ लागतो.

वयाविषयीचा पुरावा :

उच्चाराच्या बाबतीत लहान मुलांना लाभ होतो, हे बहुतांशी मान्य आहे. तथापि स्नो व हफनागल-होले यांच्या १९७८ मधील अभ्यासात प्रारंभीच्या काळात किशोरवयीन व प्रौढ शिकणारेच अधिक वेगाने प्रगती करताना आढळले. इंग्लंडमधील प्राथमिक फ्रेंच प्रकल्पाचे बर्स्टॉल यांनी १९७४ मध्ये केलेले मूल्यमापनही केवळ लवकर प्रारंभास फारसे अनुकूल नव्हते. याउलट सेंट लँबर्ट व कल्व्हर सिटी येथील मुलांच्या इंग्रजीची आरंभीची पिछाडी पुढे भरून निघाली. यावरून वय हा घटक एकटा पुरेसा नसून संपर्काचा कालावधी व सातत्य निर्णायक ठरतात, असे दिसून येते.

एक विसंगती :

कॅलिफोर्नियात १९९८ च्या प्रस्ताव २२७ ने, इंग्रजी पुरेशी न येणाऱ्या मुलांच्या मातृभाषेतील शिक्षणावर कठोर मर्यादा घातल्या. यांतील बहुसंख्य मुले स्पॅनिश भाषक होती. म्हणजे जी भाषा इंग्रजी भाषक मुलास संपन्न करणारी मानली गेली, तीच स्पॅनिश भाषक मुलाच्या बाबतीत अडथळा ठरविली गेली. २०१६ च्या प्रस्ताव ५८ ने या मर्यादा मोठ्या प्रमाणात दूर केल्या. कोरल वेच्या प्रारूपात मात्र ही विसंगती प्रारंभापासूनच टळली होती; कारण तेथे प्रत्येक मूल एका भाषेत शिकणारे, तर दुसऱ्या भाषेत सोबत्यास आधार देणारे होते.

समारोप :

महाराष्ट्रात २००० पासून मराठी माध्यमाच्या शाळांत इयत्ता पहिलीपासून इंग्रजी शिकविली जाते. त्यामुळे हा अनुभव येथील अध्यापकांसही उद्बोधक आहे. भाषा कोणत्या इयत्तेपासून सुरू करावी, या प्रश्नाबरोबरच ती किती तास, कोणत्या शिक्षकाकडून आणि पुढे कोणत्या सातत्याने शिकविली जाणार, तसेच त्यात मुलाच्या मातृभाषेचे स्थान काय राहणार, हे प्रश्नही विचारले गेले पाहिजेत. त्यांची उत्तरे नसताना केवळ वय अलीकडे आणल्याने मूल भाषेच्या उंबरठ्यावरच उभे राहते.