सगळ्यांना चालणारं हॉटेल

पेटालिंग जाया : क्वालालंपूरची गर्दी कमी करण्यासाठी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला रबराच्या मळ्याच्या जमिनीवर हे उपनगर वसवलं. इथल्या बऱ्याच वस्त्या आकड्यांनीच ओळखल्या जातात : सेक्शन १४, सेक्शन १७, एसएस २. वस्तीत दुकानांची रांग असते आणि रांगेच्या कोपऱ्यावर बहुतेक वेळा एखादं मामाक. मामाक म्हणजे तमिळ मुसलमानांनी चालवलेलं छोटं हॉटेल. आत जागा बेताचीच. पण संध्याकाळ झाली की प्लॅस्टिकच्या खुर्च्या फूटपाथवर येतात, भिंतीवरच्या पडद्यावर फुटबॉल सुरू होतो, आणि कित्येक ठिकाणी हा राबता पहाटेपर्यंत चालतो.

मलेशिया समजून घ्यायचा, तर मी पाहुण्याला आधी इथे आणून बसवेन. २०२०च्या जनगणनेनुसार इथल्या नागरिकांत मलय व इतर भूमिपुत्र सुमारे ६९ टक्के, चिनी २३ टक्के आणि भारतीय वंशाचे जेमतेम ७ टक्के. शाळा, भाषा, सणवार वेगवेगळे. त्यात जेवणाची बंधनं. चिनी कोपितियाममध्ये, म्हणजे कॉफीच्या हॉटेलात, डुकराचं मांस शिजत असेल, तर मलय माणूस तिथे बसत नाही. हिंदूंना गोमांस वर्ज्य. अशा तिघांनी एकत्र जेवायचं कुठे? मामाकचं स्वयंपाकघर हलाल, त्यामुळे मलय निर्धास्त असतो. तमिळ हिंदूला डाळ, रोटी, माशाची आमटी मिळते, आणि चिनी मित्राला सहसा कशाचं वावडं नसतं. फार कडक सोवळं पाळणारा इथे येत नाही, हेही खरं. पण बाकीच्यांना आपापला नियम न मोडता एका टेबलाशी बसता येतं. मला ही फार मोठी गोष्ट वाटते. १३ मे १९६९च्या वांशिक दंगलीची आठवण अजून मनात असलेल्या देशात तर फारच.

आता खाण्याकडे वळू. रोटी चनाई करणाऱ्याचे हात बघत राहावेत असे. तेला-तुपात मुरलेला मैद्याचा गोळा तो ओट्यावर आपटत, हवेत फिरवत इतका पातळ करतो की पलीकडचं दिसावं. मग चौकोनी घडी घालून तव्यावर टाकतो आणि उतरवल्यावर दोन तळहातांत धरून चापटतो, म्हणजे पदर सुटतात. सोबत डाळ, आमटी आणि तिखट सांबाल. शाकाहाऱ्यांनी जरा सांभाळावं : सांबालमध्ये बहुधा सुकट किंवा सुके मासे असतात, आणि ‘दालचा’ ही डाळीची आमटी कधी कधी हाडं घालून शिजवतात. विचारलं की नीट सांगतात.

तेह तारिक म्हणजे कडक चहा आणि गोड आटवलेलं दूध. दोन मोठ्या मगांमधून हातभर उंचीवरून ओतत ओतत त्यावर फेस आणायचा. साखर कमी हवी तर ‘कुरांग मानिस’ म्हणायचं. घरी न्यायचा असेल तर चहा पिशवीत ओतून दोरीने बांधून देतात. नासी कंदार हा पेनांगचा पदार्थ. तिथले तमिळ मुसलमान फेरीवाले भाताची आणि रश्श्यांची भांडी कावडीवर घेऊन हिंडायचे. आजही भातावर तीन-चार रस्से एकत्र ओततात, आणि खरी चव त्या सरमिसळीतच आहे.

डिसेंबर २०२४मध्ये युनेस्कोने मलेशियाच्या न्याहारी संस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिलं. त्यात नासी लेमाक (नारळाच्या दुधातला भात), रोटी चनाई आणि तेह तारिक यांची नावं आहेत. त्या बातमीने इथले लोक मनापासून सुखावले.

रमझानमध्ये मामाकचं घड्याळ फिरतं. दिवसा मुसलमानाने उघड्यावर खाणं हा इथे शरियत कायद्याखाली गुन्हा आहे, त्यामुळे दिवसा शांतता असते. संध्याकाळी उपवास सोडायला गर्दी उसळते, आणि पहाटे सहरीसाठी पुन्हा दिवे लागतात.

मामाक असं दिवसरात्र चालतं, पण तव्यापाशी उभा असतो तो बहुधा तमिळनाडूहून आलेला कामगार. या उभ्याने करायच्या, धगीच्या कामाला स्थानिक तरुण फारसे तयार नसतात. २०१८मध्ये तत्कालीन मनुष्यबळ मंत्री एम. कुलसेगरन यांनी पुढच्या वर्षापासून हॉटेलांत स्थानिकच स्वयंपाकी असावेत, असं जाहीर केलं. मालकांनी ओरड केली आणि सक्ती मागे पडली. परदेशी कामगारांच्या परवान्यांची अनिश्चितता मात्र राहिली. तात्पुरत्या परवान्यावर आलेल्या कामगाराला बायकामुलं सोबत आणता येत नाहीत. ज्या रोटीचं नाव युनेस्कोच्या यादीत गेलं, ती करणाऱ्याला कुशल कारागीर म्हणून परवाना मिळाला पाहिजे आणि कुटुंबासोबत राहताही आलं पाहिजे. मलेशिया सरकारने हे लवकर करावं.