आधी भाव, मग ताट

नव्या मुंबईत बेलापूरला लागून दिवाळे नावाचे गाव आहे. गाव खाडीच्या काठचे, कोळ्यांचे. १९७० साली सिडको स्थापन झाली. मग या भागात नवे शहर वसले. आजूबाजूला मोठमोठ्या इमारती उठल्या. पण दिवाळ्याच्या धक्क्याला होड्या अजून लागतात आणि बाजारात मासळी अजून येते.

याच बेलापुरात कोकण भवन आहे. कोकण विभागाच्या आयुक्तांची कचेरी तिथे आहे. सिडकोची कचेरी आहे. नवी मुंबई महापालिकेची कचेरीही आहे. त्यामुळे गावोगावची माणसे कागदांची पिशवी घेऊन इथे येतात. दुपारी साहेब जेवायला गेलेले असतात. "तीन वाजता या," असे उत्तर मिळते. पोटात तर सकाळच्या चहाशिवाय काही नसते. मग कुणीतरी सांगतो, "दिवाळ्याकडे जा की. मासे झ्याक मिळतात."

आपण जातो. लहानसे हॉटेल दिसते. तळणीचा वास येतो. आत जाऊन बसतो. ताट येते, जेवण होते, ढेकरही येतो. नंतर बिल येते, आणि तोंडाची चव जाते. बिल वाजवी आहे का जास्त, हेच कळत नाही. विचारावे तर चारचौघांत लाज वाटते. गुपचूप पैसे देतो आणि परत कचेरीकडे चालू लागतो. खिशात एसटीपुरते उरले की नाही, हे वाटेत मोजतो.

असे अनेकांचे होते. आम्हांला वाटते, याचे मूळ आपल्या चांगल्या सवयीत आहे. आपल्याकडे पंगतीला बसले की भाव विचारत नाहीत. पाहुण्याने "भाजी केवढ्याची?" म्हटले तर घरधनी रागावेल. घरी ते बरोबरच. पण हॉटेल म्हणजे पंगत नव्हे. ते दुकान आहे. कापडाच्या दुकानात आपण वाराचा भाव विचारतो, बैलाच्या बाजारात दात मोजतो. मग ताटाचा भाव विचारायला कमीपणा कसला?

पूर्वी मुंबईच्या गिरणगावात खाणावळी होत्या. कोकणातून, घाटावरून आलेले गिरणी कामगार एकटे राहत. चाळीतली एखादी बाई त्यांना दोन वेळा जेवू घाली. हिशेब महिन्याचा. पगार झाला की पैसे. तिथे रोज भाव विचारावा लागत नसे, कारण तो एकदाच ठरलेला असे आणि माणसे एकमेकांच्या ओळखीची असत. या खाणावळवाल्या बायका सावकाराच्या कर्जात बुडालेल्या असत. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि बँकेचे कर्ज मिळवून दिले. ते काम पुढे फार वाढले. आज दिवाळ्याच्या हॉटेलात मात्र आपण अनोळखी. आज बसलो, उद्या गावी. इथे ओळखीचा हिशेब चालत नाही. पाटीचा चालतो.

आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो. हॉटेलात जाऊन बसणे हा आपला हक्क आहे. एक काळ असा होता की काही माणसांना हॉटेलात शिरू देत नसत. बाहेर उभे करून वेगळ्या कपात चहा देत. १९५० साली आपली राज्यघटना अमलात आली. तिच्या पंधराव्या कलमात दुकाने आणि उपाहारगृहे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. धर्म, जात, वंश, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणालाही तिथे अडवता येत नाही. १९५५ साली अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांचा कायदाही झाला. जातीवरून हॉटेलात येऊ न देणे हा त्याने गुन्हा ठरवला. तेव्हा धोतर मळलेले असो की पायांत वहाणा नसोत, दारात घुटमळू नका. आत जा, बसा.

बसल्यावर पहिले काम, पाटी वाचणे. आता तुम्हांला अक्षरे लागतात. ती इथे कामाला लावा. पाटी भिंतीवर असेल, नाहीतर टेबलावर भावाचा कागद असेल. नसेल तर वाढप्याला सांगा, "भाऊ, भावाचा कागद द्या." डावीकडे पदार्थाचे नाव असते, उजवीकडे आकडा. बोट ठेवून वाचा. कोणी हसत नाही, आणि हसले तरी पैसे आपले जाणार आहेत.

पाटीवर 'थाळी' असे लिहिलेले असते. या भागात माशाच्या थाळीत बहुधा तळलेली तुकडी, माशाचे कालवण, भाकरी किंवा चपाती, भात आणि सोलकढी असते. पण सगळीकडे सारखे नसते. म्हणून दोन प्रश्न विचारा. थाळीत काय काय येते? आणि परत मागितले तर पैसे पडतात का? काही ठिकाणी भात पोटभर मिळतो, पण भाकरी मोजून दोन. तिसरी घेतली की तिचे पैसे वेगळे. कालवण पुन्हा वाढतात, पण तुकडी पुन्हा घेतली तर बिल वाढते. "आणखी एक तुकडी देऊ का, काका?" असे वाढपी गोड बोलून विचारतो. ते फुकट आहे असे धरून चालू नका.

आता खरी अडचण पुढे आहे. पापलेट, सुरमई, चिंबोरी यांच्यापुढे पुष्कळदा आकडाच नसतो. तिथे 'आकाराप्रमाणे' असे लिहिलेले असते. इंग्रजी कागदावर 'एपीएस' अशी तीन अक्षरे असतात. अर्थ तोच. म्हणजे मासा जेवढा मोठा तेवढा भाव. यात लबाडी आहे असे नाही. मासळीचा भाव रोज बदलतो, हे खरेच आहे. पापलेट एक तळहाताएवढे असते, एक ताटाएवढे. दोन्हींचा भाव एक कसा असेल?

भाव का बदलतो तेही पाहा. जून आणि जुलै महिन्यांत यंत्राच्या होड्यांना समुद्रात मासेमारीची बंदी असते. तो काळ माशांच्या विणीचा. शिवाय समुद्र खवळलेला. मग बाजारात समुद्राची ताजी मासळी कमी येते, बर्फातला माल जास्त असतो आणि भाव चढतो. नारळी पौर्णिमेला कोळी दर्याला नारळ वाहतात. होड्या पुन्हा समुद्रात जातात, आणि मासळी हळूहळू वाढते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणावरही जाळ्यात काय सापडेल ते ठरते. डिझेल महाग झाले की तेही माशाच्या किमतीत येते. म्हणून श्रावणाआधी जेवलेल्या ताटाचा भाव धरून मार्गशीर्षात भांडू नये, आणि मार्गशीर्षातला भाव धरून आषाढात बसू नये.

पण 'आकाराप्रमाणे' याचा अर्थ 'जेवल्यानंतर सांगू' असा नव्हे. मासा कढईत पडण्याआधी भाव ठरला पाहिजे. समजा, पेणकडचे एक बाबा आले आहेत. त्यांनी असे बोलावे:

"भाऊ, पापलेट केवढ्याला?"

"साइजवर आहे, बाबा."

"मग आणून दाखवा. कच्चेच दाखवा."

वाढपी ताटलीत दोन पापलेटे आणतो.

"हे लहान केवढ्याचे?"

"साडेतीनशे."

"तळून, मसाला लावून, सगळे धरून?"

"हो बाबा, सगळे धरून."

"बरं, हे लहान करा."

एवढेच बोलणे. यात भांडण नाही, कमीपणा नाही. मालकालाही बरे वाटते, कारण नंतरची कटकट वाचते. आणि भाव परवडला नाही तर? तर "नको, थाळीच द्या" म्हणावे. बोंबील, मांदेली असे लहान मासे बहुधा स्वस्त पडतात. कुरकुरीत तळलेला ताजा बोंबील पापलेटाला हार जात नाही, असे आमचे मत आहे. पापलेटाची मिजास उगीच वाढली आहे.

कच्चा मासा पाहिला की ताजेपणाही कळतो. कल्ला लाल हवा. डोळा स्वच्छ हवा, आत गेलेला नको. बोटाने दाबले तर खड्डा पडून राहू नये. तळलेल्या माशात हे दिसत नाही, मसाल्याखाली सगळे झाकते. तरी तुकडी मऊ गिळगिळीत लागली किंवा वास आला तर खाऊ नका. ताट अर्धे संपवून तक्रार करण्यात अर्थ नाही. पहिल्या घासालाच वाढप्याला बोलवा. आवाज न चढवता सांगा, "हा मासा बरा नाही, बदलून द्या." चांगला मालक लगेच बदलतो. त्याचे गिऱ्हाईक त्याला टिकवायचे असते.

पाण्याचे असे आहे. बसल्याबरोबर वाढपी बंद बाटली आणून ठेवतो, झाकणही उघडायला लागतो. बाटली नको असेल तर तिथेच थांबवा. "साधे पाणी द्या," म्हणा. बाटलीवर किंमत छापलेली असते. दुकानात त्याहून जास्त घेता येत नाही. पण हॉटेलात बसून घेतली तर जास्त घेऊ शकतात, असा सुप्रीम कोर्टाचा २०१७ सालचा निकाल आहे. म्हणून बाटलीचाही भाव आधी विचारा.

आता बिलाकडे वळू. बिल कागदावर मागा. तोंडी आकडा ऐकून पैसे देऊ नका. दोन माणसे जेवली असे समजा. थाळी दोनशे रुपयांची. दोन थाळ्या, ४०० रुपये. सोलकढी वेगळी घेतली, तीस रुपये वाटी. दोन वाट्या, ६० रुपये. बेरीज ४६० रुपये. त्याखाली 'जीएसटी' असे लिहिलेले असते. हा सरकारचा कर. साध्या हॉटेलात तो शेकडा पाच. ४६० वर पाच टक्के म्हणजे २३ रुपये. तो दोन ओळींत दाखवतात, साडेअकरा केंद्राचे आणि साडेअकरा राज्याचे. एकूण ४८३ रुपये. ही बेरीज तुम्ही स्वतः करून पाहा. बोटावर केली तरी चालेल.

पण हा कर प्रत्येक हॉटेलवाल्याला घेता येत नाही. अगदी लहान हॉटेलाची जीएसटीत नोंदणीच नसते. काही जण एकरकमी पद्धतीने स्वतःच्या खिशातून कर भरतात. त्यांना गिऱ्हाइकाकडून कर मागता येत नाही. म्हणून बिलावर कर लावला असेल तर पंधरा अक्षरांचा आणि आकड्यांचा जीएसटी नंबर आहे का ते पाहा. महाराष्ट्रातला नंबर २७ ने सुरू होतो. कर आहे आणि नंबर नाही, असे असेल तर विचारा. बिलावर आणखी एक चौदा आकडी नंबर असतो. तो अन्न परवान्याचा. १ जानेवारी २०२२ पासून तो बिलावर छापणे बंधनकारक आहे.

काही बिलांत 'सर्व्हिस चार्ज' अशी एक ओळ घुसडलेली असते. शेकडा पाच, कुठे दहा. हा सरकारचा कर नाही, हे नीट ध्यानात घ्या. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी सांगितले की हॉटेलाने ही रक्कम आपोआप बिलात लावू नये. २०२५ च्या मार्चमध्ये दिल्लीच्या हायकोर्टानेही ते उचलून धरले. तेव्हा "ही रक्कम काढा" असे म्हणायला हरकत नाही. वाढप्याने मनापासून वाढले असेल तर त्याच्या हातावर खुशीने दहा-वीस रुपये ठेवावेत. ते वेगळे. खुशीचे पैसे सक्तीने घेता येत नाहीत.

फोनवरून पैसे देत असाल तर आकडा स्वतः टाका किंवा टाकलेला आकडा वाचून मग बोट दाबा. गडबडीत ४८३ चे ४८३० होतात आणि मग गल्ल्यावर हुज्जत.

मालकाने ऐकलेच नाही तर १९१५ या नंबरावर फोन करा. ही सरकारची ग्राहक मदतीची सोय आहे. फोनवर मराठीत बोलता येते. पण हातात बिल हवे. बिल नसेल तर सांगणार काय?

हे सगळे वाचून मालक म्हणजे चोरच, असे समजू नका. लहान हॉटेल चालवणे सोपे नाही. पहाटे बाजारात जाऊन मासळी आणायची, साफ करायची, वाटण वाटायचे. दुपारी गिऱ्हाईक आले नाही तर तो माल उद्या तसाच राहत नाही. भाडे, गॅस, वीज, नोकरांचे पगार चुकत नाहीत. आणि गिऱ्हाइकांतही नमुने असतात. चौघे जण एका थाळीवर तासभर टेबल अडवतात. वाढप्याला "ए पोऱ्या" म्हणून हाक मारतात. तो बापाच्या वयाचा असला तरीही! भाऊ म्हटले, दादा म्हटले तर कालवणाची वाटी जरा भरून येते, हा आमचा अनुभव आहे.

ताटात काही उरले तर टाकू नका. "हे बांधून द्या," म्हणा. तुमच्या पैशाचे आहे, बहुतेक ठिकाणी बांधून देतात. भाकरी आणि तळलेली तुकडी घ्या, ती संध्याकाळपर्यंत टिकते. कालवण मात्र पिशवीतून नेत असाल तर गाठ दोनदा पाहा, आणि ती पिशवी कोकण भवनच्या कागदांत ठेवू नका.