मुंबई–दिल्ली: सव्वादोन तास कशाचे?

मुंबई ते दिल्ली हवाई अंतर सुमारे १,१४० किलोमीटर. ताशी ८०० किलोमीटरच्या वेगाने दीड तासही लागू नये, पण वेळापत्रक साधारण सव्वादोन तास सांगते. कारण ही वेळ निव्वळ उड्डाणाची नसतेच. विमान मुंबईत जागेवरून हलले की घड्याळ सुरू होते, ते दिल्लीत चाकांना अडसर लागेपर्यंत. त्यातच मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी प्रामुख्याने एकच चालते. मग रांग आलीच. वक्तशीरपणाची शेखी मिरवायला कंपन्या मिनिटे वाढवून ठेवतात, हा आक्षेप काही खोटा नाही. पण गर्दीच्या वेळी विमान घिरट्या घालू लागते तेव्हा तीच मिनिटे कामी येतात. वाऱ्याला मात्र फारसा दोष देऊ नये. या मार्गावर उंचावरचा पश्चिमी वारा बहुतांशी आडवाच लागतो.