मिर्याम

मिर्याम : एक प्राचीन हिब्रू स्त्रीनाम. बायबलच्या जुन्या करारात ते मोशे (मोझेस) व अहरोन यांच्या बहिणीचे नाव म्हणून येते. इझ्राएल लोक समुद्र ओलांडून ईजिप्तच्या दास्यातून सुटले, तेव्हा हाती डफ घेऊन स्त्रियांच्या नृत्यगायनाचे नेतृत्व करणारी ही स्त्री ‘निर्गम’ या ग्रंथात ‘संदेष्ट्री’ म्हणून गौरविलेली आहे. मराठी बायबलच्या जुन्या करारात ‘मिर्याम’ व नव्या करारात ‘मरीया’ अशी रूपे आल्यामुळे ही दोन निराळी नावे असावीत, असा वाचकाचा समज होतो. वस्तुतः नाव एकच होय.

हिब्रू लेखनात या नावाची म-र-य-म एवढी व्यंजनेच मूळची आहेत. स्वरचिन्हे पुष्कळ नंतर, इ. स. सहाव्या ते दहाव्या शतकांच्या दरम्यान, पाठपरंपरेच्या रक्षक पंडितांनी घातली. त्यांच्याही पूर्वीच्या, इ. स. पू. तिसऱ्या शतकात आरंभ झालेल्या ग्रीक भाषांतरात ते ‘मरिआम’ असे आढळते. यावरून पहिल्या अक्षरातील ‘अ’चा ‘इ’ मागाहून झाला असावा. अरबी ‘मर्यम’मध्ये जुना उच्चार टिकून आहे, तेव्हा आपल्याकडील मुस्लिम कुटुंबांतील ‘मरियम’ हे रूप ‘मिर्याम’पेक्षा मुळाला अधिक जवळचे ठरते.

नावाच्या अर्थाविषयी मात्र एकमत नाही. प्राचीन यहुदी भाष्यकारांनी त्याचा संबंध ‘मर’ (कडू) या शब्दाशी जोडून, दास्याच्या कटू काळात जन्मल्यामुळे हे नाव पडले, असे सांगितले. ‘बंडखोरी’, ‘उंची’ या अर्थांच्या शब्दांशीही त्याचे नाते लावण्यात आले आहे. संत जेरोम (चौथे-पाचवे शतक) याने ‘समुद्राचा थेंब’ असा अर्थ दिला होता. लॅटिन नकलकारांच्या हातून ‘थेंब’ या शब्दाच्या जागी एका स्वराच्या फरकाने ‘तारा’ हा शब्द आला व त्यातून ‘समुद्रतारका’ हे मरीयेचे विशेषण रूढ झाले, असे मानतात. ईजिप्शियन भाषेतील ‘प्रेम करणे’ या धातूवरून ‘प्रिया’ हा अर्थ लावणारे मत त्यामानाने अधिक ग्राह्य वाटते, कारण मोशे, पीनहास ही त्याच कुळातील नावेही ईजिप्शियन मुळाची मानली जातात. तथापि त्यासही निर्णायक पुरावा नाही. नामकोशांतून ‘कडू’ हा अर्थ निःशंकपणे छापला जातो, हे उचित नव्हे.

अर्थ असा संदिग्ध असूनही नावाच्या प्रसारात त्यामुळे बाधा आली नाही. हिब्रू बायबलमध्ये मोशेच्या बहिणीखेरीज या नावाची दुसरी ठळक स्त्री नाही. उलट इसवी सनाच्या आरंभी पॅलेस्टाइनमध्ये ते घरोघरी झालेले दिसते. शिलालेख, अस्थिपेट्या, पपायरस व ग्रंथ यांतून ताल इलान या विदुषीने संकलित केलेल्या नावांच्या आधारे केलेल्या मोजणीत सुमारे ३३० यहुदी स्त्रियांपैकी सुमारे ७० जणींचे नाव हेच आहे. हॅस्मोनियन राजकुळातील मरिआम्ने ही हेरॉड राजाची पत्नी. तिला त्याने इ. स. पू. २९ मध्ये देहान्त शासन दिले. या लोकप्रिय राजकुळाविषयीच्या आदरामुळे नाव पसरले, असे काही अभ्यासकांचे मत आहे. एकाच नावाच्या इतक्या स्त्रिया असल्यामुळे त्यांना गाव, पुत्र वा पती यांवरून ओळखावे लागे. मग्दालाची मरीया, बेथानीची मरीया, याकोबाची आई मरीया ही नव्या करारातील संबोधने त्याच गरजेतून आलेली आहेत.

येशूच्या मातेमुळे नाव जगभर गेले. परंतु आरंभी ते अतिपवित्र म्हणून अनेक ठिकाणी मुलींना ठेवीत नसत. आयरिश भाषेत आजही कुमारी मरीयेसाठी ‘मुरे’ व सामान्य स्त्रियांसाठी ‘मॉयरे’ असा भेद पाळतात. पुढे हा संकोच ओसरला. अमेरिकेत १८८० पासून १९६१ पर्यंत, १९४७–५२ ही सहा वर्षे वगळता, नवजात मुलींच्या नावांत ‘मेरी’ प्रथम क्रमांकावर होते. त्यानंतर त्याची लोकप्रियता ओसरत गेली. कुराणात नावाने उल्लेखिलेली मर्यम ही एकमेव स्त्री असून एकोणिसाव्या सूऱ्यास तिचेच नाव आहे. यहुदी समाजात मूळ रूप अखंड चालू राहिले. यिद्दिश भाषेत त्याची ‘मिर्ल’, ‘मिरेले’ अशी, तर आधुनिक हिब्रूत ‘मिरी’ अशी लाडकी रूपे झाली. आपल्या मीरेशी यांचा काही संबंध नाही.

महाराष्ट्र व गोव्यात हे नाव तीन वाटांनी आले : बेने इस्राएलांत मिर्यम, मुसलमानांत मरियम आणि गोवा-वसईकडील ख्रिस्ती कुटुंबांत पोर्तुगीज वळणाचे मारिया व इंग्रजी वळणाचे मेरी. मुंबईत वांद्र्याच्या टेकडीवरील मरीयेस कोळी व इतर स्थानिक लोक ‘मोत माउली’ म्हणतात. त्यातील ‘मोत’ हा पोर्तुगीज ‘मोंत’ (डोंगर) या शब्दाचा अपभ्रंश असून ८ सप्टेंबरच्या मरीया-जन्मोत्सवानिमित्त तेथे भरणाऱ्या जत्रेस अन्य धर्मांचे लोकही मोठ्या संख्येने जातात.