दुखणं आणि दवा – भाग ५ : बायपासनंतरचा खोकला

गेल्या आठवड्यात मॉर्फिनची ताकद पाहिली. आज ते हात राखून का वापरायचं, ते पाहू.

बायपाससाठी छातीचं मधलं हाड उभं कापतात आणि काम झालं की पोलादी तारांनी आवळून बांधतात. ते सांधायला सहा ते आठ आठवडे जातात. तोवर खोकला आला की मस्तकात कळ जाते. मग माणूस खोकणंच टाळतो, श्वास वरवर घेतो आणि कफ साचतो. मॉर्फिन, फेंटानिल जास्त झालं तर कळ थांबते, पण श्वास मंदावतो, गुंगी येते, पोट साफ होत नाही. म्हणजे कफ साचायचा तो साचतोच. १९६९ मध्ये बोस्टनच्या डॉ. लोवेनस्टाइन यांनी हृदयशस्त्रक्रियेत मॉर्फिनचे मोठे डोस वापरले, तेव्हा रुग्ण बराच काळ व्हेंटिलेटरवरच असे, म्हणून ते चालून गेलं. आता दुसऱ्या दिवशी त्याला खुर्चीत बसवायचं असतं.

म्हणून आता कळेला अनेक बाजूंनी अडवतात. वेळच्या वेळी पॅरासिटामॉल आणि पाठीच्या कण्यालगतच्या स्नायूखाली भुलीचं इंजेक्शन. इंजेक्शनची ही पद्धत २०१६ मध्ये पुढे आली. दिल्लीच्या एम्समध्ये १०६ रुग्णांवर ती तपासली, त्याचा अहवाल २०१९ मध्ये आला. पॅरासिटामॉल-ट्रामाडॉल घेणाऱ्यांपेक्षा इंजेक्शन घेतलेल्यांची कळ कमी होती आणि जास्त वेळ दबून राहिली. मॉर्फिन उरलेल्या कळेपुरतं.

पण यासाठी रुग्णानं दुखणं सांगायला हवं. आमच्या मुखेडकडची वडीलधारी माणसं तिथंच अडतात. "काका, दुखायलंय का?" "काही नाही, बरं हाय." असं म्हणताना हात मात्र छातीवर घट्ट. श्वासाच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं यंत्र हाती दिलं की फुंकर मारतात. खरं तर नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा असतो, तेव्हा चेंडू वर चढतात. कळ दबलेली असेल तरच ते जमतं. मॉर्फिन कमी म्हणजे सोसणं जास्त, असा अर्थ कुणी काढू नये.

खरी भीती पुढची आहे. घरी आल्यावर छाती ठणकली की पोरगा मेडिकलवरून डायक्लोफेनॅक आणतो. बायपास झालेल्यांना याच कुळातली पॅरेकॉक्सिब-वाल्डेकॉक्सिब ही औषधं देऊन १,६७१ रुग्णांवर केलेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. ही दोन्ही औषधं घेणाऱ्यांत हृदयविकार, पक्षाघात अशा घटना २ टक्के, न घेणाऱ्यांत ०.५ टक्के. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं बायपासच्या दुखण्यासाठी हा गटच वर्ज्य ठरवला. मात्र डॉक्टरांनी दिलेली ॲस्पिरिनची छोटी गोळी वेगळी. ती रक्ताची गुठळी रोखते, आपल्या मनानं बंद करायची नाही.

२ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत आधी सुरू झाली, त्यांत आमचा नांदेड होता. त्यामुळे शेतकऱ्याच्या घरातही बायपास परवडू लागली. ही फार मोठी गोष्ट आहे. पण सुट्टीच्या वेळी हातात पडणारा कागद अजूनही बहुतेक इंग्रजीतच असतो, आणि तो वाचणारं घरात कुणी नसतं. त्यावर मराठीत दोन ओळी हव्यात: कोणती गोळी चालते, कोणती अजिबात नाही. तो कागद मेडिकलच्या काउंटरवर दाखवता आला पाहिजे.

परतीच्या वाटेवर गाडी खड्ड्यांतून जाणारच. छातीशी घट्ट धरायला घरची एक उशी सोबत न्या. खोकतानाही तीच कामाला येते.