मतपेटी चर्चच्या दारात

यॉनशॉपिंग (स्वीडन)

स्वीडनमध्ये दर चार वर्षांनी, सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारी, देशाच्या ल्यूथरन चर्चची निवडणूक होते. स्थानिक मंडळी, धर्मप्रांत आणि सर्वोच्च चर्चसभा अशा तिन्ही पातळ्यांवर मतदान होते. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक सभासदाला मत असते आणि मतपत्रिकेवर राजकीय पक्षांची नावे असतात. देशावर अनेक दशके राज्य केलेला सोशल डेमोक्रॅटिक पक्ष 2021 च्या निवडणुकीत चर्चसभेतला सर्वांत मोठा गट ठरला. शेतकऱ्यांमधून वाढलेला सेंटर पक्ष तिथे आहे, स्थलांतरितांना विरोध करत मोठा झालेला स्वीडन डेमोक्रॅट्स पक्षही आहे. ‘आमची बांधिलकी कुठल्याच पक्षाशी नाही’ एवढ्याच मुद्द्यावर लढणारा गट दुसऱ्या क्रमांकावर आला. मतदानाला पाचातला एक सभासदही धड आला नव्हता.

जळगाव-धुळ्याच्या वाचकाला हे चित्र समजायला जड जाऊ नये. आपल्याकडे जिल्हा बँक, दूध संघ, बाजार समिती यांच्या निवडणुका कागदावर पक्षविरहित असतात, पण कोणते पॅनेल कोणाचे हे शेंबडे पोरही सांगते. इथे तेच, फक्त लपवाछपवी नाही. पक्षांचे म्हणणे असे की लाखो सभासदांच्या आणि मोठ्या मालमत्तेच्या संस्थेचा कारभार लोकशाहीनेच चालला पाहिजे, आणि लोकशाही चालवायचा अनुभव आमच्याकडे आहे. हा युक्तिवाद पोकळ नाही. पण उपासनेचे आणि शिकवणुकीचे निर्णय घेणाऱ्या सभेत माणूस पक्षाच्या यादीतून निवडून येतो, तेव्हा त्याने ऐकायचे कोणाचे, हा प्रश्न उरतोच.

इथवर हा देश कसा आला, ते आधी सांगतो. 1527 मध्ये राजा गुस्ताव वासाने वेस्तेरोसच्या सभेत चर्चची संपत्ती आपल्या हाताखाली आणली. 1593 मध्ये उप्सालाच्या सभेने ल्यूथरपंथ पक्का केला. तेव्हापासून स्वीडिश असणे म्हणजे ल्यूथरन असणे. 1686 च्या चर्च कायद्यानंतर पाळक घरोघरी जाऊन लोकांना धर्मशिक्षण येते की नाही याची परीक्षा घेई आणि वहीत नोंद करी. जन्म, विवाह, मृत्यू, गाव सोडून जाणे, सगळ्याची नोंद चर्चच्या दप्तरात होई. हे दप्तर सरकारच्या कर खात्याकडे गेले ते थेट 1991 मध्ये. दुसऱ्या एखाद्या मान्य पंथात न जाता चर्च सोडायची मुभा 1951 च्या कायद्याने मिळाली. राज्य आणि चर्च वेगळे झाले 1 जानेवारी 2000 रोजी. त्या वेळी पाचातले चार स्वीडिश लोक सभासद होते, आज निम्म्याहून थोडे जास्त आहेत. सभासदांची चर्चवर्गणी, उत्पन्नाच्या साधारण एक टक्का, आजही कर खातेच गोळा करून देते.

या व्यवस्थेचा आपल्या खानदेशाशी सरळ संबंध आहे. 1726 च्या एका फर्मानाने स्वीडनमध्ये पाळकाविना घरी जमून प्रार्थना करण्यावर बंदी आली, आणि ती 1858 पर्यंत टिकली. घरात चार शेजारी जमवून पवित्र शास्त्र वाचले म्हणून लोकांना दंड झाले, तुरुंगवास झाले. त्या छळातून स्वतंत्र मंडळ्या उभ्या राहिल्या. मी राहतो ते यॉनशॉपिंग त्या चळवळीचे मोठे केंद्र. या प्रांताचे जेरुसलेम असेच त्याला म्हणत.  त्याच काळात दहा लाखांहून जास्त स्वीडिश माणसे अमेरिकेला गेली. त्यांत 1852 मध्ये जन्मलेला फ्रेडरिक फ्रान्सन होता. त्याने 1890 मध्ये स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन काढले, आणि त्या मिशनची माणसे खानदेशात आली. नंदुरबारच्या एस. ए. मिशन हायस्कूलमध्ये शिकलेल्या पिढ्यांना हे नाव सांगायला नको. आमच्या मंडळ्यांची मुळे तिथली आहेत. म्हणजे खानदेशात सुवार्ता घेऊन आलेल्यांच्या मागे अशा लोकांचा वारसा होता, ज्यांना स्वतःच्या ख्रिस्ती देशात, ख्रिस्ती राजाच्या हुकमाने, प्रार्थना करायला मनाई होती.

हा वारसा आपल्याकडे आल्यावर एका नव्या अटीत अडकला. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातल्या ब्रिटिशेतर मिशनांकडून लेखी हमी घेतली, की कायदेशीर सरकारचा मान राखू आणि त्याच्याविरुद्ध काही करणार नाही. मदुराईचे अमेरिकन मिशनरी राल्फ रिचर्ड कायथान यांनी गांधीजींच्या एका इंग्रज सहकाऱ्याला घरी उतरवून घेतले, तेवढ्यावर त्यांना 1930 मध्ये देश सोडावा लागला. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत होते आणि साने गुरुजी ते टिपून घेत होते, तेव्हा बाहेर मिशनांवर ही हमी लागू होती. शाळा, दवाखाने, अनाथालये चालू ठेवायची तर गप्प राहावे लागे. मी त्यांना भित्रे म्हणणार नाही. पण रोगी बरे करणाऱ्या आणि पोरींना शिकवणाऱ्या त्या माणसांच्या मौनामुळे शेजाऱ्यांच्या मनात ‘हे सरकारचे लोक’ असा जो शिक्का बसला, तो आम्ही आजही पुसत आहोत. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी हे आधीच ओळखले होते. 1917 मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ उभा केला. ख्रिस्तावरची निष्ठा कुणाच्या पगाराशी बांधलेली दिसू नये, ही त्यांची तळमळ होती.

राज्याशी एकजीव झालेल्या चर्चचे काय होते, याचा सर्वांत बोचरा धडा मला इथे दुसऱ्या महायुद्धाच्या आसपासच्या काळात सापडला. स्वीडन युद्धात तटस्थ होता. पण त्याआधीच, 1935 मध्ये जर्मनीत न्यूरेंबर्गचे वंशकायदे आले आणि स्वीडिश माणसाला ‘आर्य’ जर्मनाशी लग्न करायचे असेल तर आपल्या आजी-आजोबांत ज्यू नाहीत हे सिद्ध करणे भाग पडू लागले. ही चौकशी कोणी केली? गावच्या पाळकाने. लग्नाआधी अडथळा नाही ना हे पाहणे हे त्याचे सरकारी काम होते, आणि वरून पत्रक आले होते. त्यातले बहुतेक पाळक हिटलरचे चाहते नव्हते. दप्तर सांभाळायची सवय त्यांना होती आणि पत्रक पाळायचे हे त्या सवयीत बसत होते. निष्ठेचा मोह दर वेळी घोषणा देत येत नाही. तो शिक्का, जावक क्रमांक आणि ‘नियमानुसार’ या शब्दातूनही येतो.

त्याच चर्चचा एक कोपरा बर्लिनमध्ये होता, स्वीडिश लोकांसाठीची व्हिक्टोरिया मंडळी. तिथले पाळक बिर्गर फोरेल यांनी छळ होणाऱ्यांना आसरा दिला. नाझींच्या दडपणामुळे 1942 मध्ये त्यांना जर्मनी सोडावी लागली. त्यांच्या जागी आलेल्या एरिक पेर्वे यांनी ज्यूंना लपवले, बाहेर काढले. नोव्हेंबर 1944 मध्ये बाल्टिक समुद्रावर त्यांचे विमान पाडले गेले आणि ते गेले. मग एरिक म्यूर्ग्रेन यांनी काम पुढे चालवले. चर्च एकच, शिकवण एकच, पगार देणारेही एकच. फरक एवढाच, की या तिघांनी दारात उभ्या माणसाकडे पाहिले आणि पत्रक बाजूला ठेवले.

चर्चच्या दप्तराचा आणखी एक धडा उत्तरेकडचा आहे. तिथले सामी लोक म्हणजे इथले आदिवासी. रेनडियर पाळणारे, स्वतःच्या भाषा असलेले. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा घरातल्या वाचकांना त्यांची गोष्ट अनोळखी वाटणार नाही. 1913 च्या कायद्याने रेनडियर पाळणाऱ्या सामींच्या मुलांसाठी वेगळ्या भटक्या शाळा निघाल्या, आणि त्यामागे लुलेओचे बिशप ओलोफ बेरिक्विस्ट होते. सामी मूल चांगल्या घरात राहिले तर नाजूक होईल आणि रेनडियरमागे जाणार नाही, म्हणून त्याला मुद्दाम झोपडीवजा वसतिगृहात ठेवायचे आणि शिकवायचे ते जेमतेम. 1922 मध्ये उप्सालात सरकारने वंशशास्त्राची संस्था काढली. तिचे लोक सामींची डोकी मोजत, छायाचित्रे काढत फिरले, आणि त्यांना वंशावळी पुरवल्या त्या चर्चच्या दप्तरांनी. 24 नोव्हेंबर 2021 रोजी उप्सालाच्या कॅथेड्रलमध्ये आर्चबिशप आंत्ये याकेलेन यांनी सामी लोकांची जाहीर माफी मागितली. पुढच्या वर्षी लुलेओमध्ये ती पुन्हा मागितली गेली. त्याआधी चर्चने स्वतःच्या वागणुकीचा इतिहास अभ्यासकांकडून लिहून घेऊन छापला होता. स्वतःचे दप्तर उघडून दाखवायला वेगळे धैर्य लागते, आणि ते या चर्चला सरकारपासून वेगळे झाल्यानंतरच आले.

म्हणून काय चर्चने राजकारणावर बोलूच नये? 5 ऑक्टोबर 2010 रोजी संसदेच्या उद्घाटनाच्या उपासनेत स्टॉकहोमच्या बिशप एवा ब्रुन्ने वंशद्वेषाविरुद्ध बोलल्या. पहिल्यांदाच निवडून आलेले स्वीडन डेमोक्रॅट्सचे खासदार उठून चालते झाले. बिशपबाईंनी उपदेशाच्या जागेवरून राजकारण केले, असे त्यांचे म्हणणे. माझ्या मते इथे एक कसोटी लावावी. बोलणारा एखाद्या पक्षाला मते मिळावीत म्हणून बोलतो आहे, की ज्याला आवाज नाही अशा माणसासाठी? 2005 च्या ईस्टरला ल्यूथरन, कॅथलिक, स्वतंत्र मंडळ्या एकत्र आल्या आणि देशात आसरा मागणाऱ्या निर्वासितांना माणुसकीने वागवा, असे आवाहन त्यांनी केले. दीड लाखांहून जास्त सह्या झाल्या. तेव्हा सत्तेवर सोशल डेमोक्रॅट्स होते, म्हणजे चर्चसभेतलाच सर्वांत मोठा गट. चर्चने आपल्याच घरातल्या पक्षाला ऐकवले, आणि त्या वर्षअखेर तात्पुरता कायदा होऊन हजारो कुटुंबांना राहायची परवानगी मिळाली.

छळ सोसलेल्या स्वतंत्र मंडळ्याही या मोहातून सुटलेल्या नाहीत. पेंटेकॉस्टल पुढारी लेवी पेत्रुस यांनी 1964 मध्ये ख्रिस्ती लोकशाहीवादी पक्ष काढला, आणि यॉनशॉपिंग परगणा त्याचा बालेकिल्ला बनला. 2022 मध्ये स्वीडन डेमोक्रॅट्सच्या पाठिंब्यावर सरकार आले, त्यात हा पक्ष सामील झाला. निर्वासितांचे नियम कडक झाले, आणि त्याच परगण्यातल्या कितीतरी मंडळ्यांच्या बाकांवर निर्वासित बसतात. त्यांत अफगाणिस्तानातून येऊन ख्रिस्ती झालेले तरुण आहेत. त्यांचा विश्वास खरा की राहायच्या परवान्यासाठीचा, हे स्थलांतर खात्याचा अधिकारी प्रश्न विचारून ठरवतो. 2019 मध्ये स्वतंत्र मंडळ्यांनी या तपासणीवर टीका करणारा अहवाल काढला. कोणाचे धर्मांतर मनापासूनचे, हे सरकारी टेबलावर ठरवता येते का, हा प्रश्न आपल्याकडेही घुमतो आहे. 

आता आपल्या घरचे बोलतो. खानदेशातल्या मंडळ्या लहान आहेत. त्यांना मोह पडतो तो आसऱ्याचा. धर्म बदललेल्या आदिवासींना अनुसूचित जमातीच्या यादीतून वगळा, ही मागणी धुळे-नंदुरबारच्या गावागावांत पोहोचली आहे. राज्यघटनेत जमातीचा दर्जा धर्मावर ठरत नाही, तरी माणूस धास्तावतो. मग निवडणुकीच्या तोंडावर कोणी म्हणतो, ‘मंडळीची मते द्या, तुमच्या केसालाही धक्का लागणार नाही.’ दुसरा येऊन कुंपणभिंत, सभामंडप, दफनभूमीचा रस्ता देऊ करतो. भ्यालेल्या माणसाने ते नाकारावे, असे परदेशात बसून सांगणे सोपे आहे, हे मला समजते. तरीही सांगतो, कारण इथे त्या सौद्याची किंमत पाहिली आहे. आसरा देणारा एक दिवस अन्याय करतो, तेव्हा त्याच्या आसऱ्याला असलेली मंडळी गप्प बसते, आणि त्या गप्प बसण्याने तिची साक्ष संपते. सत्तेच्या अधीन राहा असे सांगणारा रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय आम्हाला पाठ असतो. प्रकटीकरणाचा तेरावा अध्यायही त्याच पवित्र शास्त्रात आहे, आणि तिथे राज्यसत्ता श्वापदाच्या रूपात येते.

यावर उपाय खानदेशाच्याच मातीत आहे. अमळनेरच्या साने गुरुजींनी 1947 मध्ये पंढरपूरला विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले, ते आपल्याच समाजाविरुद्ध. उपोषण सोडा असे गांधीजींनी कळवले, तरी ते मागे हटले नाहीत. आपल्या माणसांना, आपल्या नेत्यालाही नाही म्हणता येणे, हीच श्रद्धेची खूण. एरिक पेर्वे आणि साने गुरुजी यांचा धर्म वेगळा होता, पण ही खूण दोघांच्या अंगी होती.

तेव्हा येत्या निवडणुकीत एवढे करावे. मत प्रत्येकाने आपापले द्यावे, मंडळीचे म्हणून कोणी देऊ नये. पाळकाने आणि पंचांनी कोणाकडून काय घेतले, ते मंडळीसमोर मांडावे. हक्काचा प्रश्न असेल तर तो शेजारच्या हिंदू, मुस्लिम, बौद्ध बांधवांच्या हक्कासाठीही तितक्याच जोराने मांडावा, म्हणजे तो पक्षाचा राहत नाही, न्यायाचा होतो. आणि रविवारी एखादा उमेदवार आला, तर त्याला प्रेमाने बाकावर बसू द्यावे, त्याच्यासाठी प्रार्थनाही करावी. माइक मात्र त्याच्या हाती देऊ नये.