हुलकावणीचे शास्त्र: विली पेप आणि सँडी सॅडलर यांचे चार सामने

मुष्टियुद्धाचे वर्णन बहुतेक वेळा ठोशांच्या हिशेबाने केले जाते. परंतु ठोसा चुकवणे हेही तितक्याच कष्टाने शिकावे लागणारे काम आहे, आणि त्या कामाची कसून परीक्षा पाहायची असेल, तर विली पेप आणि सँडी सॅडलर या अमेरिकी मुष्टियोद्ध्यांनी १९४८ ते १९५१ या काळात न्यूयॉर्कमध्ये लढलेल्या चार सामन्यांकडे वळावे लागते. हे चारही सामने फेदरवेट गटाच्या जगज्जेतेपदासाठी झाले. या गटाची वजनमर्यादा १२६ पौंड, म्हणजे सुमारे ५७ किलोग्रॅम असते. या वजनाचे खेळाडू पंधरा फेऱ्या वेगाने हालचाल करू शकतात आणि तरीही एका ठोशात सामना संपवण्याइतकी ताकद त्यांच्यातील काहींच्या हातात असते. त्यामुळे चपळाई आणि प्रहार या दोन्ही गुणांचा कस या गटात एकाच वेळी लागतो.

पेपचे मूळ नाव गुलिएल्मो पापालेओ. कनेक्टिकट राज्यात १९२२ साली जन्मलेल्या या खेळाडूने १९४० मध्ये व्यावसायिक कारकीर्द सुरू केली, नोव्हेंबर १९४२ मध्ये, अवघ्या विसाव्या वर्षी, चॉकी राइटला हरवून विजेतेपद मिळवले आणि पहिले ६२ सामने सलग जिंकल्यानंतरच त्याला सॅमी अँगॉटकडून पहिली हार पत्करावी लागली. जानेवारी १९४७ मध्ये विमान अपघातात त्याच्या पाठीला आणि पायाला गंभीर दुखापत झाली. तरीही त्याच वर्षाच्या जूनमध्ये तो पुन्हा रिंगणात उतरला. एक संपूर्ण फेरी त्याने एकही ठोसा न मारता केवळ हालचालीच्या बळावर जिंकली, अशी आख्यायिका १९४६ च्या जॅकी ग्रेव्ह्जविरुद्धच्या सामन्याबाबत सांगितली जाते. तत्कालीन वार्तांकनातून तिला पुष्टी मिळत नाही; पण अशी गोष्ट लोकांना खरी वाटावी, यातच पेपच्या बचावाची ख्याती दिसते.

या बचावाचे तत्त्व पायांत होते. जोरकस ठोसा हातातून निघालेला दिसला, तरी त्याचा जोर जमिनीवर रोवलेल्या पावलांतून कंबर आणि खांद्यामार्गे वर येतो. म्हणून प्रतिस्पर्ध्याला पाय रोवायला सवडच दिली नाही, तर त्याचा ठोसा निघण्यापूर्वीच निम्मा निकामी होतो. पेप सरळ मागे हटत नसे, कारण तसे हटणारा खेळाडू अखेर दोरांपाशी अडकतो. तो बाजूला सरकत असे, वर्तुळात फिरत असे आणि मध्येच दिशा बदलत असे. पुढच्या, म्हणजे डाव्या, हाताने मारल्या जाणाऱ्या आखूड सरळ ठोशाला जॅब म्हणतात; पेपचा जॅब इजा करण्यापेक्षा प्रतिस्पर्ध्याचा पवित्रा मोडण्यासाठी असे. त्या ठोशाने डोके जरा मागे गेले की पावले पुन्हा जुळवून घ्यावी लागत, आणि ती जुळेपर्यंत पेप आपली जागा सोडून दुसरीकडे पोहोचलेला असे.

२९ ऑक्टोबर १९४८ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पहिला सामना झाला, तेव्हा पेपच्या खात्यावर १३४ विजय, एक पराभव आणि एक बरोबरी होती. बावीस वर्षांचा सॅडलर त्याच्यापेक्षा सुमारे तीन इंचांनी उंच होता आणि त्याच्या प्रहारक्षमतेचा दबदबा निर्माण झालेला होता. कारकिर्दीच्या अखेरीस त्याच्या नावावर शंभराहून अधिक नॉकआउट जमा झाले. तिसऱ्या फेरीत त्याने पेपला दोनदा खाली पाडले आणि चौथ्या फेरीत सामना संपवला. सॅडलरचे लांब हात दूरच्या अंतरावरूनही पेपपर्यंत पोहोचत होते आणि जवळच्या अंतरावर तर ते अधिकच घातक ठरत होते. म्हणजे पेपला सुरक्षित वाटणारे अंतर या प्रतिस्पर्ध्यापुढे सुरक्षित राहिले नव्हते.

११ फेब्रुवारी १९४९ रोजी त्याच ठिकाणी झालेला दुसरा सामना म्हणजे पेपच्या कारकिर्दीचे शिखर होय. त्या सामन्याची चित्रफीत उपलब्ध आहे आणि ती हातांऐवजी पावलांकडे लक्ष ठेवून पाहिल्यास या कामाची रचना स्पष्ट होते: पेप आत शिरतो, झपाट्याने ठोसे मारतो, सॅडलर उत्तर देण्यासाठी वळेपर्यंत त्याच्या बाजूला जातो, आणि मिठी पडलीच तर त्याच्या दंडाला रेटा देऊन त्यालाच फिरवतो. उत्तरार्धात सॅडलरच्या ठोशांनी तो डळमळला, डोळ्यांभोवती जखमा झाल्या. परंतु दर वेळी तोल सावरून त्याने हालचाल पुन्हा सुरू केली. त्या काळी न्यूयॉर्कमध्ये पंच आणि दोन परीक्षक प्रत्येक फेरीचा विजेता नोंदवत आणि अधिक फेऱ्या जिंकणारा विजयी ठरत असे. पंधरा फेऱ्यांनंतर तिघांचाही कौल पेपच्या बाजूने गेला आणि विजेतेपद त्याच्याकडे परतले.

पुढील दोन सामन्यांत सॅडलरने या पद्धतीवर उतारा शोधला. प्रतिस्पर्ध्याने ठोसा मारू नये म्हणून त्याला जखडून धरण्याला क्लिंच म्हणतात. नियमांनुसार पंचाने ही पकड सोडवायची असते आणि एका हाताने धरून दुसऱ्या हाताने मारण्यास मनाई असते. परंतु सॅडलर नेमके तेच करून पेपला एका जागी खिळवून ठेवू लागला. ८ सप्टेंबर १९५० रोजी यांकी स्टेडियममध्ये पेप गुणांत पुढे असूनही, सातव्या फेरीअखेरच्या पकडीत खांदा निखळल्यामुळे आठव्या फेरीसाठी उठू शकला नाही. २६ सप्टेंबर १९५१ रोजी पोलो ग्राउंड्सवर झालेल्या चौथ्या सामन्याला तर झोंबाझोंबीचेच रूप आले. पेपनेही तेथे नियम पाळले नाहीत. दोघांनी एकमेकांना ओढले, ढकलले, पाडले, आणि पंच रे मिलर हेही एकदा त्यांच्यासोबत खाली कोसळले. नवव्या फेरीनंतर डोळ्याच्या जखमेमुळे पेपने माघार घेतली. पुढे राज्याच्या क्रीडा आयोगाने दोघांवरही कारवाई केली.

यावरून सॅडलरला केवळ दांडगाई करणारा खेळाडू ठरवणे अन्यायाचे होईल. पहिला विजय त्याने निर्विवादपणे मिळवला होता आणि अंतर मिटवण्याचे त्याचे कौशल्य असामान्य होते. मात्र चारही सामने एकत्र पाहिले असता एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. हुलकावणीची कला मोकळ्या जागेवर जगते, आणि ती जागा खेळाडूच्या पावलांइतकीच पंचाच्या दक्षतेनेही राखली जाते. दुसऱ्या सामन्यात पेपला ती जागा मिळाली, म्हणून त्याचे शास्त्र पंधरा फेऱ्या टिकले. शेवटच्या सामन्यात दोघांनीही नियम झुगारले, तेव्हा ते टिकणे अशक्य झाले. प्रहाराची ताकद बेशिस्तीतही शाबूत राहते, बचावाची कला मात्र शिस्तीवाचून उभी राहू शकत नाही, आणि म्हणूनच मुष्टियुद्धाला कलेचा दर्जा द्यायचा असेल, तर त्याचे नियम कसोशीने पाळले जाणे ही त्याची पहिली अट ठरते.